मेंदोसांची जहागीर

इन्यिगो लोपेस दे मेंदोसा हा पंधराव्या शतकातल्या कॅस्टील राज्यातला एक बडा सरदार. १९ ऑगस्ट १३९८ रोजी कारियोन दे लोस कोंदेस या गावी तो जन्मला आणि २५ मार्च १४५८ रोजी ग्वादालाहारा इथे वारला. स्पॅनिश वाङ्मयाच्या इतिहासात ‘सांतियानाचा मार्किस’ म्हणून त्याला मानाचे स्थान आहे. इटलीत फुललेला सुनीत हा काव्यप्रकार स्पॅनिश भाषेत पहिल्यांदा त्यानेच हाताळला. मात्र जेमतेम साठ वर्षांच्या या आयुष्याचा मोठा भाग कवितेपेक्षा जमिनीपायी खर्ची पडला. वडिलांकडून आलेल्या, आईकडून मिळालेल्या, कोर्टात लढून परत घेतलेल्या आणि राजाची गरज ओळखून पदरात पाडून घेतलेल्या मुलखांची त्याची जहागीर स्पेनच्या मध्यभागापासून उत्तरेच्या समुद्रकिनाऱ्यापर्यंत तुकड्यातुकड्यांनी पसरली होती. त्या काळचे सरदार घराणे कसे उभे राहत असे, हे समजून घ्यायला याच्याइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

त्या वेळी स्पेन हे एक राज्य नव्हते. आयबेरियन द्वीपकल्पात कॅस्टील, अ‍ॅरागॉन, नाव्हारा आणि पोर्तुगाल ही ख्रिस्ती राज्ये होती आणि दक्षिणेला ग्रानाडाची मुस्लिम सल्तनत. यांत कॅस्टील सर्वांत मोठे. तिथला राजा प्रबळ असला, तरी सरदारांच्या पाठिंब्यावाचून त्याचे पान हलत नसे, आणि हा पाठिंबा फुकट मिळत नसे.

मेंदोसा घराणे मूळचे उत्तरेकडच्या आलावा प्रांतातले. वितोरिया शहराजवळ मेंदोसा नावाचे गाव आजही आहे आणि तिथे घराण्याची दगडी गढी उभी आहे. आलावातल्या सरदार घराण्यांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या रक्तरंजित वैरे चालत. १३३२ मध्ये आलावातल्या सरदारांच्या मंडळाने कॅस्टीलच्या राजाचे स्वामित्व मान्य केले आणि घराण्यातल्या कर्त्या पुरुषांना दक्षिणेची वाट मोकळी झाली. गोन्सालो यान्येस दे मेंदोसा हा राजा अकराव्या अल्फोन्सोच्या पदरी होता. त्याने ओरोस्को या वजनदार घराण्यातल्या मुलीशी लग्न केले आणि माद्रिदच्या ईशान्येला असलेल्या ग्वादालाहारा शहरात बिऱ्हाड थाटले. पुढची अनेक शतके मेंदोसांचे नाव याच शहराशी जोडलेले राहिले.

घराण्याचे नशीब खऱ्या अर्थाने उघडले ते यादवी युद्धात. राजा पेद्रो आणि त्याचा सावत्र भाऊ एन्रिके दे त्रास्तामारा यांच्यात सिंहासनासाठी लढा जुंपला. गोन्सालोचा मुलगा पेद्रो गोन्सालेस दे मेंदोसा एन्रिकेच्या बाजूने उभा राहिला. १३६९ मध्ये मोंतिएल इथे एन्रिकेने पेद्रोला ठार केले आणि गादी घेतली. नव्या राजाला आपल्या माणसांचे उपकार फेडायचे होते आणि तिजोरी तर रिकामी होती. त्याने गावेच्या गावे वाटली. या देणग्यांना स्पेनच्या इतिहासात एन्रिकेचे नाव कायमचे चिकटले आहे. मेंदोसांच्या पदरात ईता आणि बुइत्रागो ही दोन मोक्याची गावे त्यांच्या भोवतालच्या खेड्यांसह पडली. पुढे एन्रिकेचा मुलगा पहिला हुआन याने १३८३ मध्ये रेआल दे मान्सानारेस हा ग्वादारामा पर्वताच्या दक्षिण उतारावरचा विस्तीर्ण मुलूखही पेद्रो गोन्सालेसला दिला.

दोनच वर्षांनी, १४ ऑगस्ट १३८५ रोजी, आल्जुबारोताच्या लढाईत पोर्तुगालच्या सैन्याने कॅस्टीलचा दारुण पराभव केला आणि पेद्रो गोन्सालेस रणात पडला. राजाचा घोडा मेला तेव्हा त्याने स्वतःचा घोडा राजाला दिला, राजा निसटला आणि तो मात्र मागे राहून लढता लढता मेला, अशी कथा सांगितली जाते. स्पॅनिश लोकगीतांनी ती अमर केली. घराण्याच्या दृष्टीने ही कथा एखाद्या सनदेइतकी मोलाची होती. ज्याच्या आजोबाने राजासाठी प्राण दिले, त्याच्या जहागिरीला हात लावताना राजालाही विचार करावा लागे.

गाव सरदाराला ‘दिले’ म्हणजे नेमके काय होई, हे इथे स्पष्ट केले पाहिजे. गावातली प्रत्येक शेतजमीन सरदाराच्या मालकीची होत नसे. शेतकरी आपापल्या वावराचे धनी राहत, सामाईक कुरणे आणि जंगले गावाकडे राहत, गावची पंचायतही चालू राहत असे. सरदाराला मिळे ते राजाच्या जागी बसण्याचे हक्क. न्यायनिवाडा त्याच्या नावाने होई, न्यायाधीश आणि किल्लेदार तो नेमी, गावकऱ्यांवरचे ठरावीक कर, जकात आणि दंड त्याच्याकडे जमा होत. युद्धाच्या वेळी त्या गावांतून तो माणसे उभी करी. याखेरीज त्याच्या खाजगी मालकीची शेते, गिरण्या, वाडे आणि कुरणे असत ती वेगळी. ज्या गावांवर असा सरदार नसे, ती थेट राजाची गावे. गावकऱ्यांना बहुधा हीच स्थिती पसंत असे, कारण राजा दूर होता आणि सरदार उशाशी.

मिळवलेले टिकवण्याचा उपाय म्हणजे मायोरास्गो. ही व्यवस्था अशी, की जहागिरीचा गाभा अविभाज्य ठरवायचा आणि तो पिढ्यान्‌पिढ्या एकाच वारसाकडे, सहसा थोरल्या मुलाकडे, जाईल असे राजाच्या परवानगीने लिहून ठेवायचे. वारसाला ती मालमत्ता विकता येत नसे, गहाण टाकता येत नसे, तिचे तुकडे करता येत नसत. पेद्रो गोन्सालेसने मृत्यूपूर्वी काही वर्षे आपल्या थोरल्या मुलासाठी असा मायोरास्गो बांधून ठेवला होता. कॅस्टीलमधली घराणी या व्यवस्थेमुळेच शतकानुशतके टिकली. धाकट्या भावंडांच्या मनात तिने किती कडवटपणा पेरला असेल, तेही उघड आहे.

पेद्रो गोन्सालेसचा हा थोरला मुलगा दिएगो उर्तादो दे मेंदोसा कॅस्टीलच्या आरमाराचा प्रमुख झाला. त्याची दोन लग्ने झाली, आणि पुढची सगळी भांडणे या दोन लग्नांतून उगवली. पहिली बायको मारिया ही राजा एन्रिकेची अनौरस मुलगी. तिच्यापासून त्याला आल्दोन्सा नावाची मुलगी झाली. मारिया वारल्यावर त्याने लेओनोर लासो दे ला वेगा या तरुण विधवेशी लग्न केले. इन्यिगो हा या दुसऱ्या लग्नाचा मुलगा.

लेओनोर माहेरची जहागीर घेऊन आली होती. कांताब्रियाच्या हिरव्यागार डोंगराळ पट्ट्यात, साहा आणि बेसाया या नद्यांच्या आसपास, दे ला वेगा घराण्याची सत्ता होती. आजचे तोरेलावेगा शहर या घराण्याच्या गढीभोवती वाढले आणि त्याचे नावही तिच्यावरूनच पडले. हे घराणे लढवय्ये आणि दुर्दैवीही. १३५१ मध्ये राजा पेद्रोच्या हुकुमावरून गार्सिलासो दे ला वेगा याला बुर्गोसमध्ये ठार मारले गेले. लेओनोरचा बाप १३६७ मध्ये नाहेराच्या लढाईत पडला. तिचा पहिला नवरा हुआन तेयेस हा राजघराण्यातला, तोही आल्जुबारोतालाच मेला. मागे राहिली ती लेओनोर, आणि तिच्या हाती आल्या कांताब्रियातल्या दऱ्याखोऱ्या. पण त्या पहिल्या नवऱ्यापासूनही तिला एक मुलगी होती. तिचे नावही आल्दोन्सा. ती मान्रिके या बड्या घराण्यात दिली गेली. म्हणजे इन्यिगोला दोन्ही बाजूंनी एकेक सावत्र बहीण होती, दोघींचे नाव एकच होते आणि दोघींच्या सासरकडच्यांचा डोळा त्याच्या वारशावर होता.

१४०४ मध्ये दिएगो उर्तादो वारला तेव्हा इन्यिगो अवघा पाच-सहा वर्षांचा होता. आरमाराचे पद लगेच दुसऱ्या घराण्याकडे गेले. नातेवाइकांनी मालमत्तेवर हात टाकायला वेळ लावला नाही. बापाच्या पहिल्या लग्नाची आल्दोन्सा, जी पुढे आर्होनाच्या ड्यूकची बायको झाली, तिने रेआल दे मान्सानारेसवर आणि ग्वादालाहारातल्या वाड्यांवर हक्क सांगितला. उत्तरेत मान्रिके घराणे लिएबाना आणि भोवतालच्या खोऱ्यांवर टपले होते. कोवळ्या वारसाच्या बाजूने उभी राहिली ती त्याची आई.

लेओनोरची कामगिरी या घराण्याच्या इतिहासात सर्वांत मोठी मानली पाहिजे. तिच्याकडे सैन्य फारसे नव्हते, पण कागद होते आणि चिकाटी होती. राजदरबारी अर्ज, जुन्या सनदांच्या नकला, साक्षीदार, तडजोडी, आणि गरज पडली तिथे शस्त्रधारी माणसे, असे सगळे मार्ग तिने वापरले. ती १४३२ मध्ये वारली, म्हणजे जवळजवळ अठ्ठावीस वर्षे तिने हा लढा चालवला. काही दावे ती जिंकली, काही हरली, काही तिच्यामागे मुलाने पुढे नेले. पोराच्या हाती जहागीर जवळपास शाबूत पोहोचली, याचे श्रेय पराक्रमी पूर्वजांपेक्षा तिला जास्त आहे.

इन्यिगोचे बालपण आजीकडे, मेन्सिया दे सिस्नेरोस हिच्या घरी गेले. लहानपणी आजीच्या घरात गॅलिशियन-पोर्तुगीज गीतांचा एक मोठा हस्तलिखित संग्रह पाहिल्याची आठवण त्याने पुढे आपल्या लेखनात नोंदवली आहे. कवितेची आवड घराण्यातच होती. बाप आणि आजोबा दोघेही कविता करत आणि आजोबांचा मेव्हणा पेरो लोपेस दे आयाला हा तर त्या काळचा श्रेष्ठ बखरकार.

लग्नाचा विचारही आईने जहागिरीच्या हिशोबाने केला. १४०८ मध्ये, इन्यिगो दहाच्या आसपास असताना, सांतियागो या लष्करी-धार्मिक पंथाचा प्रमुख लोरेन्सो स्वारेस दे फिगेरोआ याच्याशी बोलणी पक्की झाली. त्याची मुलगी कातालिना इन्यिगोला आणि इन्यिगोची बहीण एल्व्हिरा लोरेन्सोच्या मुलाला, असे हे साटेलोटे होते. सांतियागो पंथाच्या हाती दक्षिणेतली अफाट कुरणे आणि किल्ले होते. बापाविना वाढणाऱ्या मुलाला याहून भक्कम सासर मिळणे कठीण होते. लग्न यथावकाश पार पडले आणि संसार टिकला. कातालिना १४५५ मध्ये वारली. एल्व्हिराच्या वंशात पुढे फेरियाचे काउंट झाले आणि सोळाव्या शतकातला थोर कवी गार्सिलासो दे ला वेगा हा तिचाच पणतू.

तरुणपणी इन्यिगो काही काळ अ‍ॅरागॉनच्या दरबारी होता. तिथे राजा पाचव्या अल्फोन्सोच्या सेवेत असताना कातालान आणि इटालियन कवितेशी त्याची ओळख झाली. कॅस्टीलला परतल्यावर मात्र तो थेट राजकारणाच्या भोवऱ्यात सापडला. राजा दुसरा हुआन दुबळा होता आणि सगळी सूत्रे त्याचा लाडका मंत्री आल्वारो दे लूना याच्या हाती होती. त्याच्या विरोधात ‘अ‍ॅरागॉनचे राजपुत्र’ म्हणून ओळखले जाणारे राजाचे चुलत भाऊ आणि त्यांच्या बाजूचे सरदार होते. या दोन पक्षांत सुमारे पंचवीस वर्षे रस्सीखेच चालली.

इन्यिगोने या काळात अनेकदा बाजू बदलली. १४२० मध्ये तो राजपुत्रांकडे होता. १४२९ मध्ये अ‍ॅरागॉनशी युद्ध झाले तेव्हा तो राजासाठी आग्रेदाच्या सरहद्दीवर लढला आणि आराव्हियाना इथे त्याची हार झाली. १४३८ मध्ये ग्रानाडाच्या सरहद्दीवर त्याने वेल्मा हे ठाणे जिंकले. १४४१ मध्ये तो पुन्हा लूनाच्या विरोधात होता आणि आल्कालाजवळ तोरोते ओढ्याच्या लढाईत जखमी झाला. त्याच सुमारास त्याने ईताभोवती नवा तट उभारला. या सगळ्याला संधिसाधूपणा म्हणून मोकळे होणे सोपे आहे. प्रत्येक टप्प्यावर त्याच्या दाव्यांची स्थिती पाहिली, तर वेगळेच दिसते. जो पक्ष त्याच्या जहागिरीला हमी देईल त्याच्याकडे तो झुकला, आणि जिथून धोका दिसला तिथून दूर झाला. राजनिष्ठा आणि वारसाहक्क यांच्यातली निवड करायची वेळ आली, की कॅस्टीलचा जवळजवळ प्रत्येक सरदार असाच वागला.

१९ मे १४४५ रोजी ओल्मेदोच्या रणांगणावर निकाल लागला. इन्यिगो या वेळी राजाच्या बाजूने होता आणि राजपुत्रांचा पक्ष पार मोडला. ८ ऑगस्टला बुर्गोस इथे दुसऱ्या हुआनने त्याला दोन पदव्या दिल्या. एक सांतियानाचा मार्किस आणि दुसरी रेआल दे मान्सानारेसचा काउंट. कॅस्टीलमध्ये मार्किस ही पदवी तोवर फार विरळ होती. पदव्यांच्या नावांकडे नीट पाहावे. एक आईच्या मुलखावरून होती आणि दुसरी बापाच्या. ज्या दोन प्रदेशांसाठी दोन सावत्र बहिणींच्या सासरांशी चाळीस वर्षे खटले चालले, नेमक्या त्याच दोन प्रदेशांवर राजाने आता मोहोर उठवली.

रेआल दे मान्सानारेस हा मुलूख मुळातच भांडणातून जन्मला होता. ग्वादारामाच्या उतारावरची ही कुरणे आणि जंगले कोणाची, यावरून सेगोव्हिया आणि माद्रिद या दोन शहरांत तेराव्या शतकात जुंपली. सेगोव्हियाची माणसे वस्ती करत आणि माद्रिदची माणसे ती जाळत. शेवटी राजा दहाव्या अल्फोन्सोने तो प्रदेश स्वतःकडे घेतला, म्हणून तो राजाचा, ‘रेआल’, झाला. कोल्मेनार व्हिएहो, गालापागार, ग्वादालिक्स, ग्वादारामा अशी गावे त्यात येत. आज हा सगळा भाग माद्रिद महानगराचा उत्तरेकडचा शेजार आहे. त्या काळी तिथे लाकूड, कोळसा, शिकार आणि विशेषतः गवत होते.

गवताचे मोल कळण्यासाठी मेंढीकडे वळावे लागते. कॅस्टीलची खरी संपत्ती मेरिनो लोकर होती. उन्हाळ्यात उत्तरेच्या डोंगरांत आणि हिवाळ्यात दक्षिणेच्या उबदार मैदानांत, असे लाखो मेंढरांचे कळप दरवर्षी शेकडो किलोमीटर चालत. त्यांच्या मालकांची मेस्ता नावाची संघटना १२७३ पासून राजाच्या संरक्षणाखाली होती आणि कळपांचे मार्ग कायद्याने राखलेले होते. असा एक मोठा मार्ग ग्वादारामाच्या पायथ्याने रेआल दे मान्सानारेस आणि बुइत्रागोच्या टापूतून जाई. कळप गेले की चराईचा आकार आणि वाटेवरची जकात आलीच.

बुइत्रागो हे लोसोया नदीच्या वळणात वसलेले तटबंदीचे गाव. तीन बाजूंना नदी आणि चौथीकडे भक्कम भिंत. माद्रिदकडून सोमोसिएरा खिंड ओलांडून बुर्गोसला जाणारा रस्ता इथून जातो, त्यामुळे व्यापाऱ्यांचे तांडेही मेंदोसांच्या नाक्यावरून जात. मार्किसला हे गाव प्रिय होते. तिथे त्याने गोरगरिबांसाठी इस्पितळ स्थापन केले आणि त्यासाठी चित्रकार होर्हे इंग्लेस याच्याकडून १४५५ च्या सुमारास वेदीमागचे भव्य चित्रफलक करवून घेतले. त्यांत गुडघे टेकून प्रार्थना करणारे मार्किस आणि कातालिना दिसतात. कॅस्टीलच्या चित्रकलेतली खऱ्या माणसांची ही फार महत्त्वाची व्यक्तिचित्रे आहेत. ईता मात्र टेकडीवरचे ठाणे, एनारेस नदीच्या सुपीक खोऱ्यावर नजर ठेवणारे. गहू आणि द्राक्षमळे ही तिथली मुख्य मिळकत. ईता आणि बुइत्रागो या दोन्ही गावांत ज्यूंच्या भरभराटीच्या वस्त्या होत्या. कारागिरी, सावकारी आणि करवसुलीचे मक्ते यांत त्यांचा मोठा वाटा होता, आणि १४९२ मध्ये ज्यूंना देशाबाहेर काढले गेले तेव्हा या गावांचे मोठे नुकसान झाले.

ग्वादालाहारा शहर कागदोपत्री कधीच मेंदोसांचे नव्हते. ते राजाचे शहर होते. पण मुख्य चर्चजवळ मेंदोसांचे वाडे, शहराच्या कारभाऱ्यांच्या नेमणुकांत मेंदोसांचा शब्द, भोवतालची बरीच खेडी मेंदोसांची आणि शहरातली निम्मी प्रतिष्ठित कुटुंबे मेंदोसांच्या चाकरीत. मालकी न घेता शहर ताब्यात ठेवण्याची ही रीत फार परिणामकारक ठरली. मार्किसचा सुप्रसिद्ध ग्रंथसंग्रहही इथेच होता. होमर, व्हर्जिल, दान्ते, सेनेका यांच्या ग्रंथांची भाषांतरे त्याने मुद्दाम करवून घेतली. त्या संग्रहातली बरीच हस्तलिखिते आज माद्रिदच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत.

उत्तरेकडचा सांतियाना मुलूख सर्वांत मानाचा आणि सर्वांत डोकेदुखीचा. तिथे सलग सत्ता कधीच नव्हती. एखाद्या खोऱ्यात सरदाराचा हक्क, शेजारच्यात राजाचा, कुठे मठाचा, आणि काही ठिकाणी तर आपला धनी आपणच निवडण्याचा गावकऱ्यांचा जुना हक्क. दे ला वेगा घराण्याने सान मार्तिन दे ला आरेना हे नदीमुखावरचे बंदर वाढवायचा प्रयत्न केला, तेव्हा सांतांदेर, लारेदो, कास्त्रो उर्दियालेस आणि सान व्हिसेंते या राजाच्या चार बंदरांनी कडाडून विरोध केला. लोकर याच किनाऱ्यावरून फ्लँडर्सला जात होती आणि जहाजात माल भरण्याचा हक्क कोणालाच सोडायचा नव्हता. मार्किसच्या छोट्या ग्रामीण प्रेमकवितांमध्ये लिएबानातले बोरेस, मान्सानारेस, लोसोयुएला अशी त्याच्याच मुलखातली आणि वाटेवरची ठिकाणे येतात. जहागिरीची देखरेख करत हिंडणाऱ्या माणसाच्या त्या कविता आहेत, आणि म्हणूनच त्यांत डोंगरवाटांचा इतका जिवंत वास आहे.

मार्किसने नुसते मिळालेले राखले नाही, भरही घातली. १४५२ मध्ये तोलेदोच्या आर्चबिशपाबरोबर वेढा घालून त्याने तोरिहाचा किल्ला नाव्हाराच्या शिबंदीकडून घेतला. दूरची गावे देऊन जवळची घेण्याचे अदलाबदलीचे व्यवहारही त्याने केले. लूनाचे वैर मात्र शेवटपर्यंत राहिले. २ जून १४५३ रोजी वायादोलिदच्या चौकात लूनाचा शिरच्छेद झाला, त्यावर मार्किसने लूनाच्याच तोंडी कबुली घालून एक दीर्घ कविता लिहिली. ती आजही कठोर वाटते.

मार्किस आणि कातालिना यांना दहा मुले झाली. त्यांची आडनावे पाहून आजचा वाचक गोंधळेल. थोरला दिएगो उर्तादो दे मेंदोसा, एक पेद्रो लासो दे ला वेगा, एक लोरेन्सो स्वारेस दे फिगेरोआ. सख्ख्या भावांची आडनावे वेगळी, कारण त्या काळी मुलाला ज्या पूर्वजाचा वारसा किंवा स्मृती चालवायची असेल त्याचे नाव दिले जाई. दे ला वेगा आणि फिगेरोआ या माहेरच्या घराण्यांचा मान असा राखला गेला.

थोरल्याला मायोरास्गो मिळाला. ईता, बुइत्रागो, रेआल दे मान्सानारेस, सांतियाना आणि ग्वादालाहारातले वाडे त्याच्याकडे गेले. पण मार्किसने धाकट्यांना उघड्यावर सोडले नाही. मायोरास्गोबाहेरची, स्वतः मिळवलेली गावे त्यांच्यासाठी वेगळी काढली. इन्यिगोला तेंदिया मिळाले आणि तो तिथला पहिला काउंट झाला. लोरेन्सोकडे तोरिहा गेले आणि तो कोरुन्याचा काउंट झाला. हुआन आणि पेद्रो उर्तादो यांनाही गावे आणि किल्ले मिळाले. परिणाम असा झाला, की पुढच्या पिढीत एकाऐवजी पाचसहा मेंदोसा घरे उभी राहिली आणि थोरल्या घराला वेढून त्यांचे कडे तयार झाले. बाप लहानपणी भाऊबंदकीत होरपळला होता. आपल्या मुलांत ती पेटू नये, याची काळजी त्याने घेतलेली दिसते, आणि ती फळालाही आली. राजकारणात हे भाऊ बहुतेक वेळा एकत्र चालले.

मुली दिल्या त्याही हिशोबाने. मेन्सिया उत्तरेतल्या आरोच्या काउंटला, म्हणजे पुढे कॅस्टीलचा सरसेनापती झालेल्या पेद्रो फेर्नांदेस दे वेलास्कोला दिली. लेओनोर मेदिनासेलीच्या काउंटला आणि मारिया आंदालुसियातल्या रिबेरा घराण्यात. मेन्सिया आजीसारखीच कर्तबगार निघाली. नवरा युद्धावर असताना तिने बुर्गोसमध्ये वाडा आणि तिथल्या कॅथेड्रलमधले भव्य समाधिमंदिर उभारण्याचे काम स्वतः पाहिले. दोन्ही वास्तू आज बुर्गोसचे भूषण आहेत.

सर्वांत उंच गेला तो पाचवा मुलगा पेद्रो गोन्सालेस. त्याला चर्चच्या सेवेत घातले होते. कालाहोराचा बिशप, सेव्हियाचा आणि मग तोलेदोचा आर्चबिशप, कार्डिनल, असे करत तो राणी इसाबेल आणि राजा फर्नांडो यांचा उजवा हात झाला. लोक त्याला ‘स्पेनचा तिसरा राजा’ म्हणत. चर्चचा अधिकारी असूनही त्याला मुलगे होते, राणीने त्यांना औरस ठरवले आणि त्यांच्यासाठीही मायोरास्गो बांधले गेले. १४७० च्या दशकातल्या वारसायुद्धात मेंदोसा इसाबेलच्या बाजूने आले, त्यामागे या कार्डिनलची दृष्टी होती. थोरला भाऊ दिएगो याला १४७५ मध्ये इन्फान्तादोचा ड्यूक ही पदवी मिळाली. तेंदियाच्या शाखेतला मार्किसचा नातू, दुसरा काउंट, १४९२ मध्ये ग्रानाडा पडल्यावर तिथल्या आलाम्ब्राचा पहिला किल्लेदार झाला. दिएगोचा मुलगा, दुसरा ड्यूक, याने आल्वारो दे लूनाच्या मुलीशी लग्न केले. आजोबाने ज्याच्याशी आयुष्यभर वैर धरले, त्याची मुलगी नातसून म्हणून घरात आली आणि लूनाच्या मालमत्तेचा काही भाग तिच्याबरोबर आला. याच ड्यूकने ग्वादालाहाराचे जुने वाडे पाडून १४८० पासून हुआन ग्वास या स्थपतीकडून तो प्रासाद बांधवला, ज्याच्या दर्शनी भिंतीवरचे हिऱ्यासारखे कोरलेले दगड पाहायला आज लोक येतात. मान्सानारेसचा सुबक किल्लाही या दोन ड्यूकांचाच.

जहागिरीचा हिशोब फक्त सरदारांच्या बाजूने मांडून पुरा होत नाही. ज्या सांतियाना मुलखावरून मार्किसला पदवी मिळाली, तिथल्या शेतकऱ्यांनी आणि गुराख्यांनी ही सत्ता मनापासून कधीच मान्य केली नाही. आपण राजाची रयत आहोत, मेंदोसांकडे दाखवायला पुरेशी सनद नाही, असे त्यांचे म्हणणे होते. १४३८ मध्ये, मार्किसच्या हयातीतच, या खोऱ्यांवरच्या हक्काचा खटला उभा राहिला. ओल्मेदोनंतर मिळालेल्या पदवीने तो वाद दाबला, संपवला नाही. १५४४ मध्ये काबुएर्निगा, काबेसोन, आल्फोस दे योरेदो, रेओसिन, पिएलागोस, कामार्गो, व्हियाएस्कुसा, पेनागोस आणि कायोन या नऊ खोऱ्यांनी एकत्र येऊन इन्फान्तादोच्या ड्यूकाविरुद्ध दावा लावला. एका बाजूला राज्यातले बलाढ्य घराणे आणि दुसऱ्या बाजूला डोंगरातली खेडी. दोन पिढ्या वर्गणी काढून, जुन्या माणसांच्या साक्षी नोंदवून, वकील नेमून त्यांनी तो चालवला. लेओनोरने ज्या शस्त्रांनी जहागीर राखली होती, त्याच शस्त्रांनी, म्हणजे कागदांनी आणि चिकाटीने, गावकऱ्यांनी ती सोडवली. १५८१ मध्ये अंतिम निकाल खोऱ्यांच्या बाजूने लागला आणि ती थेट राजाच्या अमलाखाली आली. या नऊ खोऱ्यांचे प्रतिनिधी त्यानंतर पुएंते सान मिगेल इथे सभा घेऊन आपला कारभार पाहू लागले आणि तिथेच २८ जुलै १७७८ रोजी कांताब्रिया प्रांताची स्थापना झाली.